कागदाच्या माथ्यावरची जागा

३ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

हे वाचते आहेस म्हणजे पाकीट फोडलंस. एवढ्यावरही मी खूश आहे. बाकीचं पत्र चुलीत घातलंस तरी चालेल, पण आधी वाच.

पहिली गोष्ट तुझ्या नजरेला खटकली असेल. कागदाच्या माथ्यावर क्रूस नाही. शाळेत कुठलाही कागद पुढ्यात आला की आधी वर मधोमध एक छोटा क्रूस, मग तारीख, मग बाकीचं सगळं. आपल्याला शिकवणाऱ्या पिठाच्या सिस्टरने आपल्या हातांना अशी सवय लावली होती की तू एकदा सामानाच्या यादीवरही तो काढलास आणि आई म्हणाली, "आता साबण स्वस्त मिळणार का गं?" तिला आपलं कौतुकही होतं आणि गंमतही वाटायची. ती बिचारी कुठे कॉन्व्हेंटात गेली होती!

मी तो क्रूस काढणं सोडलं, त्याला पुष्कळ वर्षं झाली. प्रार्थना सोडली नाही, चर्चमधला रविवारचा मिस्सा चुकवला नाही, फक्त कागदावर हात चालत नाही. का, ते सांगायलाच बसले होते. पण तारीख लिहून झाली आणि मी उठून खिडक्यांच्या काचा पुसल्या. मग परत बसले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस इतका स्वच्छताप्रिय होतो तेव्हा समजावं, काहीतरी लपवतंय.

मला तुझी माफी मागायची आहे. कशाबद्दल, ते या पत्रात येणार नाही. तेवढं धैर्य अजून गोळा झालेलं नाही. पण मागायची आहे एवढं तरी कागदावर आलं. आता मला मागे फिरता येऊ नये, म्हणून हे पत्र पुन्हा न वाचता पेटीत टाकते आहे.

तुझा पत्ता कुणी दिला ते ओळख.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

पिठाच्या सिस्टरने दिला. हो, अजून आहे ती. ब्याऐंशी वर्षांची, पाठीत वाकलेली, आणि जीभ तशीच्या तशी.

मी तिच्या हाताखाली काम करते हे तुला माहीत नसणार. शाळेच्या लायब्ररीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली त्याच महिन्यात तिने बोलावलं. "माझी मनगटं गेली. तुझी शाबूत आहेत ना?" अशी नेमणूक झाली माझी. सहा वर्षं झाली. मठाच्या मागच्या अंगाला, कपडे वाळत घालायच्या गच्चीखाली ती खोली आठवते? तू आणि मी खिडकीच्या गजांना लटकून हात आत घालायचो ती. आता मी गजांच्या आत असते.

काम तेच. पीठ आणि थंड पाणी, दुसरं काही नाही, चिमूटभर मीठसुद्धा नाही. ताकासारखं पातळ करायचं, तापलेल्या लोखंडी साच्यात ओतायचं, वरचा तवा दाबायचा. वाफ अशी फुसफुसते की रोज दचकायला होतं. मिस्सात प्रसाद म्हणून वाटतात त्या भाकरीचा कागदासारखा पातळ पांढरा पापुद्रा निघतो. तो लगेच कापायचा नसतो. कोरडा कापला तर तडकतो. म्हणून दिवसभर ओल्या कापडाखाली ठेवायचा, सर्द करायचा, मग गोल छाप मारून चकत्या काढायच्या. उरलेली जाळी म्हणजे आपली कातरण. तू फ्रॉकच्या खिशात ती भरून न्यायचीस आणि घरभर कण सांडायचीस, म्हणून तर आईने तुला मुंगी नाव ठेवलं.

सहा वर्षं मला एका गोष्टीचं कुतूहल होतं. तडकलेली, कडा तुटलेली चकती आम्ही बाजूला काढतो. अगदी निवडून निवडून गुळगुळीत तेवढ्या डब्यात भरतो. आणि मिस्साच्या वेळी फादर सगळ्यांत मोठी, सगळ्यांत चांगली चकती हातात घेतात आणि सगळ्यांसमोर मोडतात. मी एकदा विचारलंच.

"सिस्टर, शेवटी मोडायचीच आहे, तर आपण इतकं निवडतो कशाला?"

"तडकलेलीचा चुरा सांडतो. मग गालिचा कोण झाडणार? तू?"

मला वाटलं होतं काहीतरी गहन उत्तर मिळेल.

पत्त्याचंही तसंच. गेल्या आठवड्यात तिने एप्रनच्या खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. तुझा पत्ता, तिच्या अक्षरात.

"हा तुमच्याकडे कसा?"

"पीठ ढवळ. गुठळी होतेय."

"होत नाहीये."

"मग होईल."

यापुढे एक अक्षर नाही. पण का दिला ते कळतं. पुढच्या महिन्यात ही खोली बंद होते आहे. भाकरी आता कारखान्यातून खोक्यांत येणार. सिस्टरला म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी नेणार आहेत, इथून दिवसभराच्या वाटेवर. ती एकेक वस्तू कुणाकुणाला वाटते आहे. साचा एका शाळेच्या संग्रहाला दिला. मला पत्ता दिला.

मुंगे, सिस्टर व्हायला गेलेली तू मठातून परत आलीस तेव्हा घरी अकरा दिवस राहिलीस आणि मग निघून गेलीस ती गेलीस. आईला पत्रं यायची, माझ्या नावाची एकही नाही. आई गेली तेव्हा फुलं आली, तू आली नाहीस. मी सगळ्यांना सांगत आले की मठाने परत पाठवलं म्हणून तू देवावर रुसलीस. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. अर्धवट खरं. ते अर्धं कोणतं, ते पुढच्या पत्रात.

ताई


२० फेब्रुवारी

मुंगी,

आज काचा पुसायच्या नाहीत असं ठरवून बसले आहे.

मठाच्या मुख्य मदरकडे आईच्या नावाने जे पत्र गेलं, ते मी लिहिलं होतं.

आईला त्यातलं काही माहीत नव्हतं, शेवटपर्यंत नव्हतं. ती दुपारची झोपली होती. तिचा चष्मा जेवणाच्या टेबलावर होता, तो मी मिटून ठेवला. तो माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं. तिची अक्षरं मोठी, सुटी सुटी, एकमेकांना न टेकणारी. मी तशी काढली. 'माझ्या धाकट्या मुलीला लहानपणापासून फिट येतात. आम्ही लपवलं, आमची चूक झाली. तिला व्रत देऊ नये.' खाली आईची सही. साडेतीन ओळी. तुला आयुष्यात एकदाही फिट आली नव्हती. सर्दीसुद्धा मलाच जास्त व्हायची.

तीन आठवड्यांनी तू पत्र्याची ट्रंक घेऊन दारात उभी होतीस.

का केलं ते विचारशील. मी सगळ्यांना, आणि देवालाही, असं सांगायची तयारी ठेवली होती की आई आजारी होती, मी एकटी होते, एवढं घर ओढवत नव्हतं. हे खोटं नाही. पण नुसतं हे असतं तर मी तुला सरळ लिहिलं असतं, 'ये गं, मला झेपत नाही.' तू आली असतीस. खरं कारण याच्याखाली आहे. मठात मला जायचं होतं. तुझ्याआधी चार वर्षं मला जायचं होतं. आई म्हणाली, "वडील नाहीत, थोरलीने घर सोडून कसं चालेल?" आणि मी राहिले. मग तू एका सकाळी डबा धुता धुता म्हणालीस, "आई, मी जाऊ?" आणि आई म्हणाली, "जा." इतकं सोपं. तुला देव मिळाला आणि मला डबे. ते मला सहन झालं नाही. तुला खाली खेचलं तर मी वर जाईन असं काही नव्हतं. तरी खेचलं.

कन्फेशनला गेले होते, असं नको समजूस की गेले नाही. फादरांना म्हटलं, "मी खोटं बोलले."

"किती वेळा?"

"एकदा."

बिचारे खूशच झाले असतील. तीन प्रार्थना सांगितल्या. मी बाकावर बसून त्या म्हटल्या आणि इतकी घाबरले की सांगता येत नाही. हे इतक्यात मिटतं? मग लक्षात आलं, मिटलं नव्हतंच. मी फादरांना चकती दाखवली होती आणि तडा अंगठ्याखाली झाकला होता.

आता झाकलेला नाही. माफ कर असं लिहिते आहे. हा शब्द लिहायला एकतीस वर्षं लागली. दिसतो केवढासा.

ताई


२ मार्च

मुंगे,

हे पत्र मी उभ्यानेच लिहिते आहे, बसवत नाही.

काल भाकरीच्या खोलीतला शेवटचा दिवस होता. साचा गार झाला, मी तो पुसला. सिस्टर स्टुलावर बसून चकत्या निवडत होती. अर्ध्या तासाने मान वर न करता म्हणाली, "त्या खिडकीत पाकीट आहे. तुझं आहे."

मठातले जुने कागद आवरताना तिने ते मागून घेतलं होतं म्हणे. पिवळा पडलेला कागद. आईची मोठी मोठी अक्षरं, जी आईची नव्हती. आणि त्यांच्यावर, कागदाच्या माथ्यावर मधोमध, छोटासा क्रूस.

मी आईचं अक्षर काढलं, आईची सही काढली, आईसारखा वाकडा समास सोडला, आणि हाताने सवयीने आधी क्रूस काढून ठेवला होता! आईने जन्मात कधी कागदावर क्रूस काढला नाही. खोटेपणा इतक्या काळजीने करावा आणि वर स्वतःचा शिक्का मारून द्यावा, असा गाढवपणा आपल्याच शाळेतली मुलगी करू जाणे. पत्र पेटीत टाकल्यावर मला ते आठवलं होतं का? हो. त्या संध्याकाळीच. म्हणून तर पुन्हा कधी काढवला नाही. पण कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मी धरून चालले होते.

"मदरनी मला दाखवलं," सिस्टर म्हणाली. "मी पाहिलं आणि म्हटलं, हा क्रूस माझ्या वर्गातला आहे. आडवी रेघ डावीकडे खाली. दहा वर्षं तुझ्या वहीवर लाल शेरा मारला, सरळ झाली नाही ती नाहीच."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"उलटून बघ."

उलटून पाहिलं. मागे पेन्सिलीने, तुझ्या अक्षरात चार ओळी. पेन्सिलीने का, ते सिस्टरने सांगितलं. तो तुमचा मौनाचा आठवडा होता, मदरनी कागद पुढे सरकवला आणि तू बोलायच्या ऐवजी त्यावरच लिहिलंस.

'हे आईने लिहिलेलं नाही. कुणी लिहिलं ते मला कळलं. तिला काही विचारू नका, आई तिच्याजवळ आहे. मला घरी जाऊ द्या. ती स्वतः सांगेल.'

मुंगे, मला वाटलं होतं तुला हाकलून दिलं. तुला कुणी हाकललंच नव्हतं. सिस्टरने सांगितलं, मदर म्हणाल्या होत्या, "जा, निकाल लावून ये," आणि वर्षभर तुझी जागा ठेवली होती. तुझी खाट, तुझी खुंटी.

आणि ते अकरा दिवस. मी भांडी घासायची, तू पुसायचीस. रोज संध्याकाळी शेवटची बशी पुसता पुसता तू म्हणायचीस, "आणि काय, ताई?" मी म्हणायची, "काही नाही." मला वाटायचं, हिला बोलायला विषय नाही. अकरा संध्याकाळी तू मला दार उघडून देत होतीस आणि मी ते रोज लावून घेत होते. बाराव्या सकाळी तू ट्रंक उचललीस.

मी तिथेच, पिठाच्या पोत्यावर बसले. सिस्टर स्टुलावरून उठली. तिला उठायला बराच वेळ लागतो. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू सहा वर्षांपूर्वी इथे आलीस तेव्हा वाटलं, आज बोलेल. मग वाटलं, उद्या. वाट बघणं मला सोपं वाटलं, विचारणं जड गेलं. ही माझी चूक. मला माफ कर."

माझ्याकडे कुणी माफी मागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी "हो हो, सिस्टर" म्हणाले, इतक्या पटकन की माझं मलाच नवल वाटलं. माफ करणं इतकं हलकं असतं? की समोरचा मागतो तेव्हाच हलकं होतं, आणि न मागितलेलं मनात पडून पडून जड होत जातं? रात्रंदिवस देवाकडे मी जे मागत होते, ते मी एका म्हातारीला अर्ध्या श्वासात देऊन टाकलं. मग तो तर देव आहे. त्याला माझ्यापेक्षा जास्त वेळ का लागावा? हा विचार मला पहिल्यांदाच सुचला. अजून त्याच्याभोवती फेऱ्या मारते आहे.

"आणि पत्ता?" मी विचारलं.

"माझ्या दर वाढदिवसाला तिचं पत्र येतं."

"काय लिहिते?"

"हवामान."

"एवढंच?"

"आणि शेवटी विचारते, ताईची भांडी घासून दुखणारी मनगटं कशी आहेत. म्हणून तर तुला कामाला घेतलं. रोज बघायला मिळतात, नीट कळवता येतं."

मी हसले की रडले, सांगता येणार नाही. नाक पुसून म्हटलं, "सिस्टर, मी आता कागदावर क्रूस काढावा का?"

"खोट्यावर काढताना विचारलं नाहीस. आता खऱ्यावर कसली परवानगी मागतेस?"

तरी या कागदाच्या माथ्यावर तो नाही. हात नेला होता. नाही झालं.

ताई


९ मार्च

प्रिय मुंगी,

सिस्टर आज गेली. गाडीत बसताना म्हणाली, "आडवी रेघ सरळ काढ." काच वर केली आणि पुढे बघत बसली. मागे वळून बघणाऱ्यांतली ती नाहीच.

सोबत डबा पाठवते आहे. शेवटच्या पापुद्र्यांची कातरण आहे, या खोलीतून यापुढे निघणार नाही. ती साधी कातरण आहे, आशीर्वाद दिलेली नाही, म्हणून देवळात जात असशील की नसशील, खाताना काही वाटून घेऊ नकोस. मी ती वाळवून कोरडी भरली. तशीच सर्द पाठवली असती तर वाटेत बुरशी धरली असती.

एक प्रश्न मला सोडत नाही. जागा ठेवली होती, मग तू परत का गेली नाहीस? माझ्यामुळे? की त्या अकरा दिवसांत तुला दुसरं काही उमगलं? तुला सुख मिळालं का, मुंगे? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. पूर्वी मी तुझ्याबद्दल विचार केला की फक्त माझाच अपराध दिसायचा, तू दिसायचीसच नाहीस. आता पहिल्यांदा तुझ्याबद्दल नुसतं कुतूहल वाटतंय. तू सकाळी चहा घेतेस की कॉफी? केस पांढरे झाले? अजून झोपेत बोलतेस?

उत्तर द्यायलाच हवं असं काही नाही. तू एकतीस वर्षं वाट पाहिलीस, आता माझी पाळी.

ताई


+

६ एप्रिल

प्रिय मुंगी,

तुझं पत्र काल आलं. वहीचा अर्धा कागद. मी आधी काय पाहिलं असेल ते तुला सांगायला नको. माथ्यावर काही नव्हतं. बरं झालं. असता तर मी त्याचे भलभलते अर्थ लावले असते. मग ओळी वाचल्या, स्वयंपाकघरात, मोरीपाशी उभी राहून. हात ओले होते म्हणून एका कोपऱ्यावरची शाई पसरली आहे.

'ताई, डबा मिळाला. सगळा चुरा झाला होता, चमच्याने खाल्ला. अजून तितकाच बेचव आहे, तितकाच आवडला. माफ केलं असं लिहिणार नाही. ते कागदावर होत नाही, तू समोर बसलीस तर होईल की नाही ते बघू. परत का गेले नाही, तेही तेव्हाच. डावा गुडघा दुखतोय, तो बरा झाला की प्रवासाचं बघते. कॉफी. हो, सगळे पांढरे. झोपेत बोलते की नाही ते मला कसं माहीत असणार? आणि काय?'

शेवटचे दोन शब्द मी किती वेळा वाचले ते विचारू नकोस. मग हात कोरडे केले, टेबलावर बसले, कागद ओढला, आणि विचार करायच्या आत हाताने वर मधोमध क्रूस काढून ठेवला होता. आडवी रेघ डावीकडे खाली गेली आहे. जाऊ दे. सिस्टरला कळवू नकोस.

पाहुण्यांच्या खोलीतली खाट मी खिडकीपाशी सरकवली आहे. गुडघ्याला जिना नको म्हणून खालचीच खोली. दाराच्या आत एक खुंटी आहे, तिच्यावरची माझी छत्री काढून ठेवली.

आणि काय, म्हणतेस. सांगते. पहिल्या संध्याकाळपासून सुरुवात करते. तू निळ्या काठाची बशी पुसत होतीस, बाहेर अजून उजेड होता, आई पलीकडे खोकत होती, आणि तू मला विचारलंस. मी म्हणाले, काही नाही. खरं म्हणजे त्या वेळी माझ्या मनात असं होतं, की

(कागद संपला. दुसरा घेते.)